गाडीतील हौशी रेडिओ केंद्र : उभारणीच्या नोंदी

शनिवार, ९ नोव्हेंबर २०२४

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सौरपट्ट्या बसणार हे सभेत पक्के झाले, आणि तिथला माझा चाळीस मीटर तरंगलांबीच्या बँडचा डायपोल (ताणलेल्या तारेची अँटेना) आता फार दिवस राहत नाही हे त्याबरोबरच ठरले. तार दुसरीकडे ताणता येईल, परंतु सौरपट्ट्यांच्या इन्व्हर्टरचा रेडिओवर येणारा गोंगाट डोक्यावर घेऊन ऐकत बसण्यापेक्षा केंद्रच गाडीत न्यावे आणि वस्तीबाहेर जाऊन बोलावे, असा विचार केला आहे. गाडी छोटी, पेट्रोलवरची, दहा वर्षे वापरलेली आहे. तिच्यात काय आणि कसे बसते याची नोंद या वहीत ठेवणार आहे.

सेट, म्हणजे संदेश पाठवणारे-घेणारे यंत्र, आज घरी आला. याएसू कंपनीचा एफटी-८५७डी हा सेट जुना आहे, पण त्याचा पुढचा चेहरा सुटा करून केबलने लांब लावता येतो, आणि लहान गाडीसाठी तीच मोठी सोय आहे. लघुलहरींवर १०० वॉट, दोन मीटरवर ५० आणि सत्तर सेंटिमीटरवर २० वॉट अशी त्याची क्षमता आहे. ज्या ज्येष्ठ हॅमकडून (हौशी रेडिओचालकाकडून) घेतला, त्यांना आम्ही सगळे काकाच म्हणतो. माझ्या परवान्याची प्रत पाहून आणि सेटचा अनुक्रमांक दोघांच्या वहीत लिहूनच त्यांनी तो हातात दिला. देताना म्हणाले, "अरे, गाडीच्या केंद्रात सेट चार आण्यांचा असतो. उरलेले बारा आणे पत्र्यात आणि वायरीत आहेत. तिथे कंजुषी करू नकोस."

रविवार, १० नोव्हेंबर

जागा ठरवली. सेटचा मुख्य भाग शेजारच्या आसनाखाली राहील. तिथे पंख्याला हवा मिळते आणि मागे बसणाऱ्याचे पाय लागत नाहीत. सुटा चेहरा एसीच्या बटणांखाली कोनाड्यात बसेल. डॅशबोर्डच्या वरच्या बाजूला तो जास्त चांगला दिसला असता, परंतु एअरबॅग उघडण्याच्या मार्गात कोणतीही टणक वस्तू ठेवायची नाही हे आधीच ठरवले होते.

रविवार, १७ नोव्हेंबर

वायरिंगचा पहिला प्रयत्न केला आणि तो फसला.

पूर्ण शक्तीवर हा सेट २२ अँपिअरपर्यंत प्रवाह ओढतो, त्यामुळे सिगारेट-लायटरच्या सॉकेटचा विचार मनात येण्याचेही कारण नव्हते. बॅटरीपासून स्वतंत्र जोडी आणायची, अधिक टोकावर बॅटरीपासून एका वितीच्या आत फ्यूज घालायचा आणि फायरवॉलच्या (इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या पत्र्याच्या) भोकात रबरी ग्रॉमेट बसवून वायर आत घ्यायची, एवढे काम सकाळी आटोपले. वायर गाडीच्या म्युझिक सिस्टिमसाठी मिळते ती, वेष्टणावर सहा चौरस मिलिमीटर छापलेली, घेतली होती. एका बाजूची लांबी साडेतीन मीटर भरली.

दुपारी डमी लोड (अँटेनाऐवजी शक्ती जिरवणारा रोध) लावून चाळीस मीटरवर एफएममध्ये पूर्ण शक्ती दिली. इंजिन बंद असताना बॅटरीच्या टोकांवर १२.४ व्होल्ट आणि सेटच्या टोकांवर ११.४ व्होल्ट मिळाले. एक पूर्ण व्होल्ट वाटेतच संपत होता. सेटला १३.८ व्होल्टच्या पंधरा टक्के वरखाली चालते, म्हणजे खालची हद्द ११.७३ येते, आणि आम्ही तिच्याही खाली गेलो होतो. सिंगल साइडबँडवर (आवाजाच्या जोराप्रमाणे शक्ती कमी-जास्त होणारी प्रक्षेपणपद्धत) बोलताना प्रत्येक जोरकस अक्षराला चेहऱ्यावरचा दिवा मंदावत होता आणि दुसऱ्या रिसीव्हरवर माझाच आवाज फाटका ऐकू येत होता.

गणिताने हे पटेना. सहा चौरस मिलिमीटर तांब्याचा रोध मीटरला सुमारे ३.१ मिलिओहम असतो. जाऊन-येऊन सात मीटर धरले तरी २० अँपिअरला ०.४३ व्होल्टच पडायला हवेत, आणि फ्यूज व जोड यांचे फार तर दशांश-दोन दशांश त्यात मिळवता येतील. शेवटी उरलेल्या तुकड्याची एक तार ब्लेडने खरवडली. वरचा तांबडा थर निघाला आणि आत पांढरे अ‍ॅल्युमिनियम दिसले. तांब्याचा मुलामा दिलेली वायर तांब्याच्या भावाने विकली गेली होती. दुकानदाराशी वाद घालून वेळ घालवण्याची इच्छा नाही, पण यापुढे वायर घेताना खिशात ब्लेड असेल.

फ्यूजचा होल्डरही हाताला गरम लागत होता. त्यावर तीस अँपिअर छापले आहे, पण त्याच्या शेपट्या पाहता तो नावालाच तीसचा असावा.

बुधवार, २० नोव्हेंबर

विधानसभेच्या मतदानाची सुट्टी होती. सकाळी मतदान करून आलो आणि बोटाच्या शाईसकट गाडीखाली शिरलो. काल संध्याकाळी पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीतून दहा चौरस मिलिमीटरची, घराच्या मेन लाइनला वापरतात ती, अस्सल तांब्याची लवचीक वायर आणली होती. तांब्याची थिंबल क्रिम्प करून वर सोल्डरचा हलका हात दिला. अधिक आणि वजा अशा दोन्ही वायरींत फ्यूज घातले. वजा बाजूच्या फ्यूजची गरज अनेकांना पटत नाही. गाडीची इंजिनकडची मूळ अर्थिंग पट्टी कधी सैल झाली, तर स्टार्टरचा शेकडो अँपिअरचा प्रवाह परतीची वाट शोधत सेटच्या वजा वायरीतून आणि अँटेनाच्या केबलच्या जाळीतून जाऊ पाहतो. तो फ्यूज त्या प्रसंगासाठी आहे. वजा टोक बॅटरीच्या खांबावर न जोडता, बॅटरीची मूळ वजा पट्टी जिथे बॉडीला मिळते त्या बोल्टवर जोडले. नव्या गाड्यांत खांबावरच प्रवाह मोजणारा सेन्सर असतो आणि त्याला वगळून जोडणी केली तर गाडीचा हिशेब चुकतो. माझ्या गाडीत तो नाही, पण चांगली सवय लावून घ्यावी.

मोजमाप पुन्हा घेतले. बॅटरीवर १२.४ असताना सेटवर १२.०५, आणि इंजिन चालू असताना १४.१ पैकी १३.७ व्होल्ट मिळाले. आवाज स्वच्छ आहे.

रविवार, २४ नोव्हेंबर

दोन मीटर बँडचे काम तासाभरात झाले. १४५ मेगाहर्ट्झला तरंगलांबी दोन मीटर सात सेंटिमीटर येते. तिचा चौथा हिस्सा, त्यातून टोकांच्या परिणामाचे पाच टक्के वजा जाता, ४९ सेंटिमीटरची काडी पुरते. चुंबकाचा पाया छताच्या मध्यभागी ठेवला आणि काडी एकेक मिलिमीटर कापत एसडब्ल्यूआर (अँटेना सेटशी किती जुळते त्याचे माप; १ म्हणजे पूर्ण जुळलेली) १.२ वर आणला. छताला भोक पाडून कायमचा पाया बसवणे विद्युतदृष्ट्या सर्वांत चांगले, हे मान्य आहे. ड्रिल हातात घेऊन छताकडे पाहिले आणि पुन्हा पेटीत ठेवले.

अँटेनाची केबल आरजी-५८ प्रकारची आहे. पाच मीटरमध्ये या बँडवर सुमारे एक डेसिबल जातो, म्हणजे ५० वॉटमधले दहा वॉट केबल गिळते. एवढे सोसायला हरकत नाही. मात्र मागच्या दारात ती चिमटली जाणार नाही याची काळजी घेतली आहे, कारण चेपलेली केबल पहिल्या पावसात पाणी पिते आणि मग दोष कुठे आहे ते शोधण्यात महिना जातो.

रिपीटरसाठी (आपला आवाज उंचावरून पुन्हा प्रक्षेपित करणारे केंद्र) ६०० किलोहर्ट्झची उणे शिफ्ट (ऐकण्याच्या आणि बोलण्याच्या फ्रिक्वेन्सींतला फरक) आणि तो उघडणारा टोन मेमरीत भरून ठेवले. कोथरूडमधून पहिल्याच हाकेला रिपीटर उघडला. काकांनी "पाच-नऊ, पण मागे बारीक शिट्टी आहे" असा अहवाल दिला (पाच ही स्पष्टता, नऊ हा जोर). ती शिट्टी ऑल्टरनेटरची (बॅटरी भारणाऱ्या जनरेटरची) असावी. तिचा बंदोबस्त नंतर करावा लागेल.

रविवार, १ डिसेंबर

आता खरे काम. ७.१ मेगाहर्ट्झला पाव तरंगाची उभी अँटेना साडेदहा मीटर उंच लागते, आणि गाडीवर शोभेल अशी काडी दोन मीटरच्या आसपासची असते. मी घेतलेली अँटेना म्हणजे फायबरग्लासच्या दांडीवर सर्पिल गुंडाळलेली तार आणि वर सरकवता येणारी स्टीलची काडी, एकूण २.१ मीटर. उरलेली उंची गुंडाळलेल्या तारेने भरून काढलेली असते, पण ती भरपाई केवळ अनुनादापुरती, म्हणजे अँटेना त्या फ्रिक्वेन्सीशी जुळण्यापुरती, असते. प्रत्यक्ष हवेत लहरी सोडणारा रोध एखाद-दोन ओहमच राहतो आणि बाकीची शक्ती तारेत, पत्र्यात आणि गाडीखालच्या जमिनीत उष्णता होऊन जाते.

आधी दोन मीटरसाठीचाच चुंबकी पाया वापरून पाहिला. एसडब्ल्यूआर जागेवर थांबेना. केबलला हात लावला की बदले, दार उघडले की बदले. रात्री हिशेब केला तेव्हा कारण कळले. आठ सेंटिमीटर व्यासाचा पाया आणि त्याखाली रंगाचा पाचवा हिस्सा मिलिमीटर थर मिळून साधारण ६७० पिकोफॅरडचा कपॅसिटर होतो. १४५ मेगाहर्ट्झला त्याचा अडथळा दीड-पावणेदोन ओहम, म्हणजे पत्र्याशी थेट जोड असल्यासारखाच. ७.१ मेगाहर्ट्झला मात्र तोच अडथळा ३४ ओहम होतो, त्यामुळे परतीचा प्रवाह पत्र्याऐवजी केबलच्या बाहेरच्या अंगावरून वाट काढतो. केबलच अँटेना झाली होती.

चुंबक बाजूला ठेवला. डिकीच्या झाकणाच्या कडेला स्क्रूने आवळायचा कंस बसवला. पत्नीने तो पाहिला आणि सांगितले, "अहो, ही काठी लावून माझ्या माहेरच्या लग्नाला यायचं नाही हं." काठी हाताने फिरवून दहा सेकंदांत निघते, हे दाखवून तह केला.

रविवार, ८ डिसेंबर

आजचा दिवस सर्वांत शिकवणारा गेला, म्हणून सविस्तर लिहितो.

कंसावर अँटेना लावून, दहा वॉटवर, फ्रिक्वेन्सी मोकळी असल्याचे ऐकून आणि आपली संज्ञा (परवान्यावरचे केंद्राचे नाव) सांगून, वरची काडी सरकवत अनुनाद ७.१०० वर आणला. एसडब्ल्यूआर १.३. कोणीही इथे थांबून चहा घेतला असता. मीही घेतला. काका त्यांचा नॅनोव्हीएनए (अँटेना तपासण्याचे छोटे यंत्र) घेऊन आले होते. त्यांनी तो जोडला आणि पडद्यावरचा रोध वाचला. तो ३८ ओहम होता. "अँटेना देते दीड-दोन ओहम. मग वरचे छत्तीस कुणाचे?" असे विचारून ते डिकीकडे बोट दाखवत उभे राहिले.

डिकीचे झाकण गाडीला दोन बिजागरांनी जोडलेले असते. बिजागरांवर रंग, आत ग्रीस, आणि बोल्टाखालीही रंगच. दिव्याच्या वायरीला ते अर्थिंग म्हणून कसेबसे चालते. रेडिओच्या प्रवाहाला मात्र डिकीचे झाकण म्हणजे गाडीपासून तुटलेले बेट आहे. काकांनी जुन्या जाड केबलची जाळी सोलून, चपटी करून आणली होती. झाकणाच्या आतल्या कडेला आणि बॉडीच्या चौकटीला, दिसणार नाही अशा जागी, पॉलिश पेपरने नाण्याएवढा रंग काढला. पत्रा चकाकू लागेपर्यंत घासला, दातेरी वॉशर घालून जाळीची दोन्ही टोके आवळली आणि गंज धरू नये म्हणून वरून ग्रीसचा लेप दिला. दोन्ही बिजागरांपाशी एकेक पट्टी, तिसरी सायलेन्सरच्या नळीपासून बॉडीला, आणि पुढे बॉनेटला दोन. सायलेन्सरची नळी रबराच्या झोळ्यांवर लोंबकळत असते. ती पत्र्याला ठिकठिकाणी जोडली नाही, तर इंजिनचा गोंगाट मागे अँटेनाच्या पायथ्याशी आणून सोडणारी तीच दुसरी अँटेना होते.

पुन्हा मोजले. अनुनाद थोडा वर सरकला होता. काडी लांबवून तो जागेवर आणला, आणि एसडब्ल्यूआर १.३ चा १.९ झाला होता. दोन तास गाडीखाली पाठ घासून अँटेना बिघडवली, असे क्षणभर वाटले. काका मात्र खूश दिसत होते. नॅनोव्हीएनएवर रोध २६ ओहम होता. बारा ओहम निखळ नुकसान पट्ट्यांनी पुसून टाकले होते. आधीचा सुंदर १.३ हा त्या नुकसानीनेच दिलेला होता, कारण अँटेनाचा तुटपुंजा रोध सेटला हव्या असलेल्या पन्नास ओहमच्या जवळ नेण्याचे काम गंजका, रंगलेला जोड करत होता.

२६ चे ५० करायला पायथ्याशी समांतर कॉइल लावली. हिशेबाने तिचा अडथळा ५२ ओहम, म्हणजे ७.१ मेगाहर्ट्झला साधारण १.२ मायक्रोहेन्री यायला हवा. पंचवीस मिलिमीटरच्या पीव्हीसी नळीवर जाड इनॅमल तारेचे आठ वेढे, पंचवीस मिलिमीटर लांबीत पसरून घेतले. वेढे थोडे जवळ-लांब करत आणि वरची काडी बोटभर आखूड करत एसडब्ल्यूआर १.१ वर बसला. कॉइलपेक्षा कपॅसिटर लावणे सोपे होते, पण कॉइलमुळे कोरड्या हवेत वेगाने जाताना काडीवर साचणारा स्थिर भार जमिनीला मिळतो, म्हणून मी तीच पसंत केली.

खात्रीसाठी वीस पावलांवर डायोड आणि मायक्रोअँमीटरचा क्षेत्रमापक ठेवला होता. सकाळी दहा वॉटला त्याचा काटा ४० वर होता, संध्याकाळी त्याच दहा वॉटला ४८ वर गेला. हवेत जाणारी शक्ती साधारण दीडपट झाली. तरीही मी देतो त्यातले शंभरातले सात-आठ वॉटच बाहेर पडत असतील, आणि लहान गाडीवरच्या चाळीस मीटरला एवढ्यावर समाधान मानावे लागते.

मंगळवार, १० डिसेंबर

सोसायटीच्या पार्किंगमध्ये शिरताना काठी काढायची राहिली. तुळईला 'टंग' असा आवाज झाला, वॉचमनकाका धावत आले, कंस दहा अंश वाकला. अँटेना शाबूत आहे. स्टिअरिंगवर लाल चिंधी बांधली आहे, काठी काढल्यावरच ती सोडायची.

रविवार, १५ डिसेंबर

गोंगाटाचा शोध घेतला. पद्धत साधी ठेवली : वस्तीबाहेर मोकळ्या माळावर गाडी उभी करायची आणि एकेक गोष्ट चालू-बंद करत एस-मीटर (सेटवरचा, येणाऱ्या लहरींचा जोर दाखवणारा मापक) वाचायचा. सगळे बंद असताना एस-३. चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद घरघर येते आणि थांबते. त्या वेळी पेट्रोलचा पंप दाब भरून घेत असतो, म्हणून तो दोषी हे लगेच कळले. इंजिन चालू केल्यावर एस-७. आणि लायटरच्या सॉकेटमधला, दोनशे रुपयांचा, मोबाईलचा चार्जर लावला की एस-९ च्या वर, मग त्याला मोबाईल जोडलेला असो वा नसो.

चार्जर गाडीतून हद्दपार केला. इंजिनचे दोन एस सायलेन्सरच्या आणखी एका पट्टीने आणि सेटच्या पुरवठा वायरीवर फेराइटचे कडे (गोंगाट अडवणारी चुंबकी रिंग) चढवल्याने उतरले. दोन मीटरवरची शिट्टीही त्याने गेली. काकांच्या कानालाही आता ती ऐकू येत नाही, आणि त्यांचा कान कडक आहे. पंपाची घरघर उरली. तो मागच्या आसनाखाली आहे आणि पेट्रोलच्या टाकीपाशी घाईने हात घालायचा नाही. तूर्त इंजिन बंद करून ऐकतो.

रविवार, २२ डिसेंबर

पूर्ण १०० वॉटवर "हॅलो" म्हटले की चारही दारांची कुलुपे खटखट करतात, असे आढळले. मागच्या आसनावरील मुलाला हा खेळ फार आवडला. सेंट्रल लॉकच्या पेटीकडे जाणाऱ्या वायरींच्या जुडग्यावर दोन फेराइट बसवले आणि अँटेनाची केबल त्यापासून विरुद्ध बाजूने फिरवून आणली. तरीही नव्वद वॉटच्या पुढे एखादे कुलूप वाजते, म्हणून शक्ती ५० वर ठेवली आहे. निम्मी शक्ती म्हणजे तीन डेसिबल, एस-मीटरचे अर्धे घर. समोरच्याला हा फरक कळणारही नाही.

मायक्रोफोनचा आकडा कुठे लावायचा हाही प्रश्न आज सोडवला. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने वाहन चालवताना हातातले संवादसाधन वापरण्याचा स्पष्ट उल्लेख आला आहे, आणि हातातला मायक्रोफोन त्यात बसतो की नाही याचा कीस रस्त्याच्या कडेला पाडत बसण्याची माझी तयारी नाही. एका हाताने घाटातले वळण घेणे तसेही शहाणपणाचे नाही. मायक्रोफोन शेजारच्या आसनाच्या बाजूला लावला. मी चालवत असेन तेव्हा फक्त ऐकायचे. बोलायचे असेल तर गाडी बाजूला थांबवायची, किंवा स्टिअरिंग काकांकडे द्यायचे. पत्नीकडे परवाना नसल्याने तिच्या हाती मायक्रोफोन देता येत नाही, यावर तिचे मत वेगळे आहे.

रविवार, ५ जानेवारी २०२५

पहिली लांबची चाचणी. पौड, मुळशीमार्गे ताम्हिणी. गाडी काकांनी चालवली.

चांदणी चौकापासून पौडपर्यंत रिपीटर स्वच्छ होता. पुढे डोंगर आडवे येऊ लागले तसा आवाज फडफडू लागला. जाळीच्या कुंपणाकडेने धावताना पलीकडचे दृश्य तुटक दिसते, तसा हा तुटक आवाज असतो. डोंगरांवरून परावर्तित होऊन आलेल्या लहरी एकमेकींत मिसळून साधारण दर अर्ध्या तरंगाला, म्हणजे मीटरभर अंतराने, एक खड्डा तयार करतात. साठच्या वेगाने गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर जाते, तेवढेच खड्डे सेकंदाला कानात येतात. मुळशीजवळ गायींच्या कळपाने रस्ता अडवला आणि आम्ही नेमके खड्ड्यात उभे राहिलो, रिपीटर पूर्ण गायब. "अर्धा मीटर पुढे घ्या," असे मी म्हटले. काकांनी क्लच सैल सोडला, गाडी एक हात सरकली आणि पलीकडचा आवाज वाक्याच्या मधूनच परत आला.

धरणाच्या पुढे दोन मीटरवर काहीच उरले नाही. मोबाईलचेही तेच झाले. घाटमाथ्यावर मोकळ्या जागी थांबून, इंजिन बंद करून, काठी चढवली. साडेअकराच्या सुमारास चाळीस मीटरवर ७.१ च्या आसपास हुबळीचे एक केंद्र बोलत होते. त्यांना हाक दिली, संज्ञेनंतर "मोबाईल" जोडून. पहिल्या हाकेला "कोण मोबाईल, पुन्हा सांगा" असे आले आणि दुसऱ्या हाकेला पाच-सात. मग हैदराबादचे एक केंद्र पाच-सहा देऊन गेले. कोल्हापूरचे एक स्टेशन मात्र अगदी क्षीण होते, अंतर निम्मे असूनही. उभी काठी डोक्यावरच्या दिशेने जवळपास काहीच पाठवत नाही, आणि जवळच्या केंद्रांना लहरी वरून वाकूनच जायच्या असतात. काठीचे टोक नायलॉनच्या दोरीने पुढच्या बाजूला, छतावरून, वाकवून बांधले. अनुनाद खाली गेला, काडी दोन बोटे आत ढकलावी लागली, पण कोल्हापूर वाचता येईल इतके वर आले.

बॅटरी दीड तासानंतर १२.२ वर होती. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

शिल्लक कामे : दोरीसाठी छताच्या पुढच्या कडेला हूक, त्या वाकवलेल्या स्थितीसाठी काडीवर फाइलने वेगळी खूण, आणि पंपाच्या वायरीवर फेराइट. ते गॅरेजमध्ये टाकी रिकामी असताना करवून घ्यायचे आहे.